पहिले ख्रिस्ती डावे की उजवे? आधी विचारू, प्रश्न कुणाचा होता

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला: मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात वाद झाला. एकानं नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांतला दुसरा अध्याय, सगळं समाईक ठेवण्याचा, वाचला आणि म्हणाला, पहिले ख्रिस्ती साम्यवादीच होते. दुसऱ्यानं रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढला: सत्ता देवानं नेमलेली, तेव्हा सरकारविरुद्ध बोलणं हेच पाप. तिसरी म्हणाली, येशूनं ‘कैसराचे ते कैसराला, देवाचे ते देवाला’ म्हणून विषय संपवलाय, मंडळीनं राजकारणाच्या वाटेला जाऊच नये. तिघांच्याही हातात एकच पुस्तक असताना खरं कोण, असं तुम्ही विचारता.

मी तीस वर्षं नवा करार आणि आरंभीच्या मंडळीचा इतिहास शिकवतो. हा वाद दर वर्षी वर्गात होतो. अमेरिकेतली निवडणूक जवळ आली की तिकडचे व्हिडिओ बघून आलेली मुलं तो जास्तच तावातावानं घालतात. तुमच्या तिघांनीही वचन नीट वाचलं आहे. फक्त ते वचन कुणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे कुणी पाहिलेलं दिसत नाही.

तिसरीपासून सुरू करतो, कारण तिचं वचन मी वर्गात हातात देऊ शकतो. माझ्याकडे येशूच्या काळचा रोमी सम्राट (कैसर) तिबिर्य याच्या दिनाराची प्रतिकृती आहे. मूळ नाणं चांदीचं, आपल्या रुपयापेक्षा थोडं लहान, वजन चार ग्रॅमच्या आतबाहेर. मी ते बाकाबाकांवरून फिरवतो. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला कैसराचा चेहरा आणि कडेनं लॅटिन अक्षरं: तिबिर्य कैसर औगुस्त, दिव्य औगुस्ताचा पुत्र. दुसऱ्या बाजूला सिंहासनावर बसलेली एक स्त्री आणि कैसराची पदवी: महापुरोहित. बहुतेक अभ्यासक मार्काच्या बाराव्या अध्यायातलं नाणं म्हणून याच दिनाराकडे बोट दाखवतात.

आता प्रसंग बघा. इ.स. ६ मध्ये रोमनं हेरोदाचा मुलगा अर्खेलाव याला पदच्युत केलं, यहूदीया थेट आपल्या सुभेदाराच्या हाताखाली घेतला आणि करासाठी रोमी अधिकारी क्विरीनिया याच्या देखरेखीखाली शिरगणती केली. तेव्हा गालीली यहूदा नावाच्या माणसानं बंड उभारलं. इतिहासकार योसेफस सांगतो की त्याचं म्हणणं साधं होतं: रोमला कर देणं म्हणजे देवाखेरीज दुसरा धनी मानणं. येशू तेव्हा लहान होता. पंचवीसेक वर्षांनी मंदिराच्या अंगणात परुशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी पंथ) आणि हेरोदी (हेरोद घराण्याचे समर्थक) येशूला विचारतात, कर द्यावा की नाही. ‘द्या’ म्हटलं तर लोक तुटतात. ‘देऊ नका’ म्हटलं तर रोमी सुभेदार पिलातापुढे राजद्रोहाचा खटला तयार. लूकाच्या तेविसाव्या अध्यायात त्याच्यावर नेमका हाच आरोप ठेवलेला आहे, की हा कैसराला कर देऊ नका म्हणून सांगतो.

म्हणजे प्रश्न धर्म आणि शासन यांच्या नात्याचा नव्हताच, तो पेच होता. येशू काय करतो? ‘मला एक नाणं आणून दाखवा’ म्हणतो. नाणं त्याच्याजवळ नाही, विचारणाऱ्यांजवळ आहे. कोरीव प्रतिमा करू नका अशी आज्ञा ज्यांच्या ओठांवर, त्यांच्या कमरेला मंदिराच्या आवारात कैसराची प्रतिमा आहे, आणि त्या प्रतिमेखाली तो देवाचा पुत्र असल्याचा दावाही आहे. माझे विद्यार्थी इथवर आले की आपोआप नाणं पुन्हा उलटून पाहतात.

ज्या नाण्यावर राज्यकर्ताच महापुरोहित आहे, ते हातात धरून ‘धर्म वेगळा, राजकारण वेगळं’ असं पहिल्या शतकात कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. ती वाटणी युरोपानं पुष्कळ रक्त सांडल्यावर शिकलेली गोष्ट आहे. मला ती मोलाची वाटते, पण ती या वचनातून निघत नाही. ग्रीक मजकुरात विचारणारे ‘देणं’ हे साधं क्रियापद वापरतात, येशू उत्तरात ‘परत देणं, फेडणं’ हे वापरतो. आपल्या मराठी बायबलातलं ‘भरून द्या’ त्याच्या बरंच जवळ जातं. ज्याची प्रतिमा, त्याला परत. मग देवाची प्रतिमा कशावर आहे? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे माणसावर. हा अर्थ मी शोधलेला नाही. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यान यानं इ.स. २०० च्या आसपासच लिहून ठेवलंय: नाण्यावरची कैसराची प्रतिमा कैसराला द्या, माणसावरची देवाची प्रतिमा देवाला. असं वाचलं की त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग किती जड आहे ते कळतं. कैसराला धातूचा तुकडा मिळतो, माणूस मिळत नाही. यातून करांचे दर ठरत नाहीत, आणि राजकारणातून रजाही मिळत नाही.

आता रोमकरांस तेरावा. या उताऱ्याइतका सत्ताधाऱ्यांचा लाडका उतारा नव्या करारात दुसरा नाही. २०१८ च्या जून महिन्यात अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी तो जाहीर भाषणात वापरला. सीमेवर आईबापांपासून मुलं वेगळी करणाऱ्या धोरणाच्या बचावासाठी. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या राजवटीनं तो इतका वापरला की १९८५ मध्ये तिथल्या धर्मशास्त्रज्ञांनी आणि पाळकांनी ‘कैरोस दस्तऐवज’ काढून या वापराला ‘सरकारी धर्मशास्त्र’ असं नाव दिलं आणि तो खोडून काढला. याच्या उलटही घडलंय. १७५० मध्ये बॉस्टनचे पाळक जोनाथन मेह्यू यांनी याच अध्यायावर प्रवचन करून जुलमी राजाची आज्ञा मोडणं योग्य ठरवलं. त्यांचा मुद्दा असा, की सत्ता लोकांच्या भल्यासाठी देवाची सेवक आहे असं या पत्राचा लेखक, प्रेषित पौल म्हणतो, मग जी भलं करत नाही ती त्या वर्णनात बसतच नाही.

पौलानं हे पत्र साधारण इ.स. ५७ च्या सुमारास करिंथहून लिहिलं. ते रोमला बहुधा किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिनं नेलं. वाचणार कोण होते? शेवटच्या अध्यायातली नमस्कारांची यादी पाहा. त्यातली बरीच नावं त्या काळी दासांना आणि सोडून दिलेल्या दासांना ठेवत ती आहेत. कुणाच्या तरी घरात, कदाचित दुकानामागच्या खोलीत जमणारे लोक. इ.स. ४९ च्या सुमारास क्लौद्य कैसरानं यहूद्यांना रोममधून हाकललं होतं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे तंबू शिवणारं जोडपं असंच करिंथला येऊन पौलाला भेटलेलं. ५४ मध्ये क्लौद्य मेला, नीरो गादीवर आला आणि लोक हळूहळू परतले. पत्र पोहोचलं तेव्हा नीरो विशीच्या आसपासचा होता. पुढच्याच वर्षी, ५८ मध्ये, जकात वसूल करणाऱ्या मक्तेदारांच्या जुलमाविरुद्ध रोममध्ये इतकी ओरड झाली की नीरोनं अप्रत्यक्ष कर पुरते काढून टाकायचा विचार केला, असं रोमी इतिहासकार टॅसिटस लिहितो. आणि पौलाच्या उताऱ्याचा शेवट कशावर होतो? ज्याला कर द्यायचा त्याला कर द्या, ज्याला जकात द्यायची त्याला जकात.

माझं मत सांगतो. ते मत आहे, पण वरच्या गोष्टींवर उभं आहे. नुकतीच हकालपट्टी भोगून आलेल्या मूठभर निर्बळ लोकांना पौल सांगतोय की करावरून पेटलेल्या भांडणात सापडू नका, पुन्हा हाकलले जाल. त्याच्या लगेच आधीची वाक्यं कुठली आहेत? छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, सूड उगवू नका, वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाला. लगेच नंतरचं? प्रीतीखेरीज कुणाचं काही देणं ठेवू नका. पौलाच्या पत्रात बारावा आणि तेरावा असे अध्यायच नव्हते, ती विभागणी तेराव्या शतकातली. मधला तुकडा कापून घेतला की एका भयभीत घरमंडळीला दिलेला सावधगिरीचा सल्ला सरकारांच्या हातातला कायमचा परवाना होतो.

पौलाला स्वतःला सत्तेनं काय दिलं? त्याच्याच शब्दांत तीनदा छड्यांचा मार, कितीतरी तुरुंग. या पत्रानंतर सात-आठ वर्षांत, ६४ च्या रोमच्या आगीनंतर, त्याच नीरोनं रोमच्या ख्रिस्ती लोकांना जाळून मारलं. पौलही नीरोच्याच काळात रोममध्ये मारला गेला, अशी जुनी परंपरा आहे. शतक संपेपर्यंत त्याच धर्मातल्या योहान नावाच्या एका द्रष्ट्यानं प्रकटीकरण, बायबलातलं शेवटचं पुस्तक, लिहिलं. त्याच्या तेराव्या अध्यायात तेच रोम समुद्रातून वर येणारं श्वापद झालंय. तुमच्या दुसऱ्या मित्राला सांगा, दोन्ही तेरावे अध्याय एकाच बैठकीत वाच.

पहिल्या मित्राचं म्हणणं मला जवळचं वाटतं, म्हणून त्याच्याशी जास्त कडक बोलावं लागेल. यरुशलेमच्या मंडळीत सर्व काही समाईक होतं, लोक जमिनी-घरं विकून पैसा प्रेषितांच्या पायाशी ठेवत आणि ज्याला जशी गरज तसं वाटलं जाई, हे खरंच लिहिलेलं आहे. मार्क्सनं १८७५ मध्ये लिहिलेल्या ‘गरजेप्रमाणे’ या सूत्राशी त्याचं साम्यही उघड आहे. पण शेत विकून त्यातला काही पैसा लपवणाऱ्या हनन्याला प्रेषित पेत्र काय म्हणतो तेही वाचा: शेत विकायच्या आधी तुझंच होतं ना, विकल्यावर पैसाही तुझाच होता ना? सक्ती नव्हती. योहान मार्क या शिष्याच्या आईचं घर पुढं बाराव्या अध्यायातही तिचंच आहे. ती राज्यव्यवस्था नव्हती. एका शहरातल्या, बऱ्याच अंशी मासेमारीची जाळी मागे सोडून आलेल्या, उत्पन्न नसलेल्या माणसांनी एकमेकांना धरून ठेवणं होतं ते. सहाव्या अध्यायातलं पहिलं भांडणही त्यावरूनच उठतं. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं. धान्य वाटताना भाषेवरून दुजाभाव! मग सात माणसं निवडून वाटप त्यांच्याकडे देतात. या लोकांना मत नव्हतं, पक्ष नव्हता, कायदा करायची शक्ती नव्हती. त्यांच्याकडून आपण अर्थसंकल्प मागतो, ही आपली गल्लत.

या बाजूची सगळ्यात बोलकी गोष्ट दुसऱ्याच एका वचनाची आहे. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात आहे: ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये. (पत्र पौलाचं स्वतःचं की शिष्याचं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, इथं त्यानं फरक पडत नाही.) १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेच्या बाराव्या कलमात हे वाक्य जवळजवळ जसंच्या तसं आहे, अर्थात बायबलचं नाव न घेता. आणि २०१३ मध्ये अमेरिकेत गरिबांच्या अन्नसाहाय्याला कात्री लावायच्या चर्चेत एका काँग्रेस सदस्यानं हेच वचन म्हणून दाखवलं. स्टालिनची घटना आणि अमेरिकेतले रिपब्लिकन, दोघांनाही तेच वाक्य!

मूळ प्रसंग मात्र सामूहिक जेवणाचा आहे. त्या मंडळीत काहींचा समज झाला होता की प्रभूचा दिवस (येशूच्या परत येण्याचा दिवस) आलाच आहे. काहींनी कामं सोडली आणि ते इतरांच्या ताटावर जेवत, लष्करच्या भाकऱ्या भाजत फिरू लागले. ग्रीक वाक्यात ‘इच्छा’ हा शब्द आहे: ज्याची काम करायची इच्छाच नाही. काम न मिळालेल्याबद्दल ते नाही. एका वर्षी वर्गात ऊसतोड कामगारांच्या घरातला एक मुलगा होता. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट वाचत होतो. संध्याकाळी पाच वाजता मालक बाजारात उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर इथं रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. तो मुलगा म्हणाला, ‘‘सर, हा मजूर अड्डा आहे. पाच वाजेपर्यंत जो उभा राहतो तो आळशी नसतो. म्हातारा असतो, नाहीतर आजारी दिसतो, म्हणून मुकादम उचलत नाही.’’ इतकं नेमकं भाष्य मला जाड टीकाग्रंथांत क्वचितच भेटलंय. त्या शेवटच्या मजुरालाही पूर्ण दिनार मिळतो, कारण दिनार म्हणजे एका दिवसाचं पोट.

पहिल्या मंडळ्यांना लबाडी कळत नव्हती असं मात्र समजू नका. ‘दिदाखे’ नावाची एक छोटी पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या शेवटाची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. मधली कित्येक शतकं ती हरवलेली होती. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात फिलोथेओस ब्रायेनिओस यांना हस्तलिखित सापडलं. त्यात एकीकडे आहे: गरजवंताकडे पाठ फिरवू नका, भावाबरोबर सगळं वाटून घ्या, काहीही माझं म्हणू नका. आणि त्याच पुस्तिकेत: फिरता संदेष्टा आला तर एक दिवस ठेवून घ्या, गरज पडली तर दोन, तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना भाकरीखेरीज काही घेऊ नये. पैसे मागितले तर तोही खोटा. पाहुणा वस्तीला राहणार असेल आणि हाताला कसब असेल तर त्यानं काम करून खावं. हे नियम वाचताना मला फसवणूक सोसलेली, तरीही दार बंद न केलेली माणसं दिसतात. गर्भपात करू नका, जन्मलेलं मूल मारू नका, हेही त्याच पानांत आहे. आजच्या अमेरिकेतल्या कुठल्याही पक्षाला ही पुस्तिका अख्खी पचणार नाही. डाव्यानं अर्धी फाडावी लागेल, उजव्यानं उरलेली अर्धी.

आकडा हवा असेल तर एक पक्का आहे. २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कर्नेलियस एका पत्रात लिहितो की मंडळीत ४६ वडील (पाळक), ७ सेवक आहेत, आणि मंडळी १,५०० हून अधिक विधवा आणि गरजूंना पोसते. हे पत्र युसेबियस या लेखकाच्या मंडळीच्या इतिहासात जपलेलं आहे. तेव्हा ख्रिस्ती धर्म बेकायदा होता. सरकारी अनुदान सोडाच, उघड जागाही सुरक्षित नव्हती. पुढं ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेला सम्राट ज्युलियन ३६२ च्या आसपास आपल्या पुरोहिताला तक्रारीच्या सुरात लिहितो की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त तळमळ आहे त्या मुद्द्याकडे येतो. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसनं तो साम्राज्याचा धर्म ठरवला. शब्द तेच राहिले, बोलणाऱ्याची जागा बदलली. ‘दुसरा गाल पुढे कर’ हे मार खाणाऱ्यानं मार खाणाऱ्याला सांगणं वेगळं आणि मारणाऱ्यानं सांगणं वेगळं. ‘दासांनो, धन्याची आज्ञा पाळा’ हे इफिसकरांस पत्रातलं वाक्य अशा मंडळीत वाचलं गेलं जिथं दास समोर बसून ऐकत होते आणि बंड म्हणजे क्रूस होता. तेच वाक्य वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी १८०७ मध्ये लंडनला छापलेल्या निवडक बायबलात ठेवलं गेलं, आणि मिसरातल्या गुलामगिरीतून इस्राएल लोकांच्या सुटकेची गोष्ट वगळली गेली. संदर्भ तोडणं म्हणजे काय याचं याहून उघडं उदाहरण मी देऊ शकत नाही. तिथं कात्रीच वापरली होती.

पण संदर्भाचाही गैरवापर होतो, आणि तो शिकलेली माणसं करतात. ‘ते त्या काळाचं होतं’ म्हणत अवघड वचनं एकेक करून बाजूला सारायची. हे मी सहन करत नाही. चौथ्या शतकात, जवळजवळ सगळे गुलामगिरी गृहीत धरत असताना, निस्साचा बिशप ग्रेगरी यानं बायबलातल्या उपदेशकाच्या पुस्तकावरच्या प्रवचनात विचारलं की देवाच्या प्रतिमेची किंमत किती नाण्यांत लावलीत? त्याचा थोरला भाऊ, कैसरियाचा बासिल, ३६९ च्या सुमाराच्या दुष्काळात कोठारं भरून बसलेल्या जमीनदारांना म्हणाला की तुम्ही दाबून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीतला कपडा उघड्याचा आहे. तो स्वतः जमीनदाराच्या घरातला होता. म्हणजे त्या काळातही त्या काळापलीकडे वाचणारे होते. इतिहास समजून घेतल्यावर गरिबांबद्दलची वचनं मवाळ होत नाहीत. माझ्या अनुभवात ती जास्त टोचायला लागतात.

तुमच्या संघासाठी एक सुचवतो. पुढच्या बैठकीत वाद बाजूला ठेवा आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय, सतराव्या वचनापासून, सगळे मिळून वाचा. प्रभुभोजनाला सधन लोक लवकर येऊन खाऊन-पिऊन झिंगतात, दिवसभर राबून उशिरा येणारे उपाशी राहतात, आणि पौल सरळ सांगतो की हे प्रभूचं भोजन नव्हेच. मग प्रत्येकाला विचारा: हे कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, त्यांच्यातलं कोण उपाशी होतं, आणि आपल्या मंडळीच्या जेवणात सगळ्यांत शेवटी पानावर कोण बसतं? या शेवटच्या प्रश्नाला तिघांचीही उत्तरं बहुधा एकच येतील, कारण त्या माणसांची नावं तिघांनाही ठाऊक असतील. दिनाराची प्रतिकृती हवी असेल तर मी पाठवतो, फक्त फिरवून झाल्यावर परत द्या, पुढच्या वर्षीच्या वर्गाला लागते.